घणघणच्या फाईलला जागा हवी

"आठवड्यात घर नवं करून देतो," असं रंगारी म्हणाला, तेव्हा कुठला आठवडा हे मास्तरांनी विचारायला हवं होतं. त्यांनी विचारलं नाही. त्यामुळे घरातलं सगळं सामान बैठकीच्या मधोमध रचलं गेलं, त्याचा एक डोंगर झाला, डोंगरावर जुनी चादर पडली, आणि रंगारी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत अशा संथपणे सरकू लागला की जणू त्याला पेन्शन इथूनच मिळणार होती. डोंगराच्या पायथ्याशी एका स्टुलावर संगणक ठेवून मास्तर काम करायचे. चष्मा मात्र डोंगरात गेला होता.

"अगं, चष्मा?" मास्तर ओरडायचे.

"दुसऱ्या गादीखाली, इस्त्रीच्या डाव्या हाताला, तुमच्या मफलरमध्ये गुंडाळलाय," स्वयंपाकघरातून उत्तर यायचं. हात घालावा, तर चष्मा बरोबर तिथेच.

मास्तर म्हणजे निवृत्त झालेले गणिताचे शिक्षक. उत्तरं देणाऱ्या त्यांच्या पत्नीला सारी गल्ली काकू म्हणायची. काकूंचं म्हणणं असं, की वस्तू हरवत नसतात. ज्याने ठेवली त्याने जागेचा विचार केलेला नसतो, एवढंच. मास्तर हे वाक्य गेली कित्येक वर्षं ऐकत आले होते, म्हणजेच त्यांनी ते कधीच ऐकलं नव्हतं.

निवृत्त माणसाला सगळं मिळतं, फक्त त्याला कोणी काही विचारत नाही. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ज्यांना रोज शंभर प्रश्न विचारायचे, त्या मास्तरांना आता दिवसभरात एकच प्रश्न यायचा, तोही "पाय उचलता का जरा?" एवढाच. मग त्यांनी संगणक शिकायला घेतला. हट्टाने शिकले, आणि एक छोटासा प्रोग्राम लिहिला. त्याचं नाव घणघण. ठरलेल्या वेळी त्याने घंटा वाजवायची, आणि हवं असेल तर घंटेमागून रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवायचा. घरात त्याचा उपयोग एकच होता. दुपारच्या झोपेची वेळ संपली की घणघण वाजायची आणि पाठोपाठ काकूंचा आवाज यायचा, "अहो, उठा आता! तोंड धुवा आणि गोळी घ्या!"

"जन्मभर मी घसा फोडला," काकू म्हणायच्या. "आता यंत्राला फोडू दे."

एके दुपारी हा प्रकार पाहुण्यांसमोर घडला. पाहुणी म्हणजे मास्तरांच्याच शाळेची मुख्याध्यापिका. एके काळी ती याच बैठकीत बसून मास्तरांकडे अपूर्णांक शिकली होती. तेव्हा ती इतकी बारकी होती की सगळे तिला चिमणी म्हणत. आता तिच्या एका नजरेने अख्खा वर्ग गप्प व्हायचा, पण काकूंच्या तोंडात चिमणी हेच नाव बसलं होतं.

घणघण ऐकून चिमणीबाई खुर्चीतून उठल्याच. "सर, हेच हवंय मला! शाळेची घंटा फुटलीय. वाजवली की पातेलं पडल्यासारखं होतं. संस्थेचे अध्यक्ष म्हणतायत, बाहेरून यंत्र आणू, लाल दिव्याचं. मी त्यांना म्हटलं, माझ्या सरांकडे आहे."

"पण तुला तर आत्ता कळलं ना माझ्याकडे आहे ते?"

"मी म्हटलं होतं, सरांकडे काहीतरी असेलच," चिमणीबाई म्हणाल्या. "वार्षिक तपासणीपर्यंत मुदत मागून घेतलीय. तोवर तुमची घंटा नीट वाजली, तर ती राहील. नाही तर अध्यक्षांचं यंत्र, आणि वर माझा शब्द खोटा."

मास्तरांनी डोळे पुसले. रंगाऱ्याच्या घासकागदाची धूळ गेली असं ते म्हणाले. ज्या शाळेत घंटेच्या तालावर उठले-बसले, तिथे आता त्यांची घंटा वाजणार होती.

आता थोडं सावकाश घेऊ, कारण पुढची सगळी धमाल एका साध्या गोष्टीवर उभी आहे. प्रोग्राम दुसऱ्याच्या संगणकावर पाठवायचा, तर त्याचं पॅकेज करावं लागतं, म्हणजे गाठोडंच की. गाठोड्यात प्रोग्राम असतो, आवाज असतात, आणि एक सेटिंगची फाईल असते. घंटा कधी वाजवायची, कुठल्या आवाजात, हे सगळं त्या फाईलीत लिहिलेलं. गाठोड्याबरोबर सूचना जाते, की ही वस्तू या खोलीत ठेवा, ती त्या खोलीत. कारण शाळेत होता तसला लिनक्स प्रणालीवर चालणारा संगणक म्हणजे शिस्तीचं मोठं घर. प्रत्येक वस्तूची खोली ठरलेली. ही गाठोडी एका सार्वजनिक भांडारात जमा होतात आणि ज्याला हवं तो तिथून घेतो. करणाऱ्याने गाठोडं सुधारलं, की सगळ्यांकडे आपोआप नवं गाठोडं जातं आणि जुन्याची जागा घेतं. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. मास्तरांनी ठेवलं नव्हतं.

प्रश्न आला तो सेटिंगच्या फाईलीचा. ती ठेवायची कुठे?

"घरात," शेजारचे बँकवाले ठामपणे म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून ते सल्ले द्यायचं काम बिनपगारी करत होते. "मास्तर, मी उभ्या आयुष्यात लोकांच्या चीजवस्तू सांभाळल्या. एक सांगतो. जी वस्तू आपली, ती आपल्या घरात. परक्या ठिकाणी ठेवली की तिला पाय फुटतात."

"बरोबर बोलले," रंगारी शिडीवरून म्हणाला. "माझ्या एका गिऱ्हाइकाने ब्रश शेजाऱ्याकडे ठेवले होते. शेजाऱ्याने बूट रंगवले."

संगणकात प्रत्येक माणसाचं एक घर असतंच. मास्तरांनी फाईल आपल्या घरात ठेवली, प्रोग्रामला सांगितलं, "मास्तरांच्या घरी जा आणि सेटिंग वाच," गाठोडं बांधलं, एक प्रत भांडारात पाठवली, आणि दुसरी खिशात घालून स्वतः शाळेत जाऊन बसवून आले.

दुसऱ्या दिवशी शाळा भरली ती पातेल्याच्या आवाजावर, कारण जुन्या घंटेला निरोपाचा शेवटचा टोला द्यायचा होता. पुढचे सगळे टोल घणघणचे. पहिल्या तासाची वेळ संपली. घंटा झाली नाही. शाळेत घंटा झाल्याखेरीज तास संपत नाही. तो निसर्गाचा नियम आहे. गणिताच्या बाईंनी धडा संपवला, मग पुढचा धडा, मग पुस्तक, मग पाठीमागची उत्तरं वाचून दाखवायला घेतली. चित्रकलेच्या वर्गाने डोंगर काढले, डोंगरातून सूर्य काढला, नदी काढली, नदीत होडी, होडीत माणूस, माणसाच्या हातात चित्र आणि त्या चित्रात पुन्हा डोंगर काढला. मैदानावर पोरं धावत होती ती धावतच राहिली. शेवटी खेळाचे सर स्वतःच झाडाखाली आडवे झाले आणि म्हणाले, "मला सोडून सगळे धावा."

मास्तरांना फोन आला. ते धापा टाकत गेले. बघतात तर घणघण बिचारी इमानदारीने मास्तरांचं घर शोधत होती. पण शाळेच्या संगणकात मास्तर राहतच नव्हते.

संध्याकाळी भांडारातूनही उत्तर आलं. तिथे येणारं प्रत्येक गाठोडं एक तपासनीस उघडून पाहतो. त्या तपासनिसाने मास्तरांच्या गाठोड्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, "पॅकेजने कोणाच्या घरात शिरू नये. नियमावली वाचा. पुन्हा करून आणा."

मास्तरांनी चष्मा पुसून ती लाल अक्षरं पुन्हा वाचली.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"लाल शाईने 'पुन्हा करून आणा' लिहिलंय. मला!"

"तुम्ही किती जणांना लिहिलंय?"

"ते वेगळं. मी शिक्षक होतो."

"आणि तो?"

मास्तरांनी नियमावली वाचायला घेतली. नियमावलीत लिहिलं होतं, की यंत्राची सेटिंगं इटीसी नावाच्या खोलीत असतात.

"इटीसी म्हणजे?" काकूंनी विचारलं.

"इत्यादी."

"म्हणजे आपल्या माळ्यासारखं. आणि कामाच्या वस्तू तिथे ठेवतात?"

"नाव तेवढं वेंधळं आहे गं. खोली महत्त्वाची आहे."

फाईल इटीसीत गेली. तपासनिसाने काही न बोलता गाठोडं पुढे सरकवलं. शाळेत ते बसलं, आणि चिमणीबाईंनी इटीसीतली फाईल उघडून स्वतःच्या हाताने शाळेच्या वेळा लिहिल्या. कुठला तास कधी, मधली सुट्टी कधी, पहिलीच्या पोरांसाठी हळू आवाज आणि मैदानासाठी मोठा. घणघण वाजू लागली! काय वाजली म्हणता! मास्तर मधल्या सुट्टीच्या वेळी सहज म्हणून शाळेवरून जायचे, शाळा सुटायच्या वेळीही सहज जायचे, आणि भाजी आणायला शाळेच्या बरोबर उलट दिशेला जायचं असलं तरी शाळेवरूनच जायचे. बँकवाले भेटेल त्याला सांगत होते, "मूळ कल्पना आमच्या चर्चेतून निघाली."

माणसाने सुखात असताना काही सुधारायला जाऊ नये. मास्तरांना वाटलं, घंटेचा शेवटचा टोला जरा घोगरा येतो. त्यांनी तो गोड केला, नवं गाठोडं बांधलं आणि भांडारात पाठवलं. तिथून ते आपोआप शाळेत पोचलं.

त्या दिवशी शाळेत बक्षीस समारंभ होता. व्यासपीठावर अध्यक्ष मध्यभागी बसले होते. एक पाहुणे यशस्वी जीवनावर बोलत होते आणि ते यश अजून बालपणातच होतं. दुपारची वेळ, पोटात जेवण, गळ्यात हार. अध्यक्षांची मान हळूहळू हाराकडे झुकली. आणि सगळ्या भोंग्यांतून एकदम घंटा घणघणली, गोड शेवटासकट, आणि मागोमाग काकूंचा आवाज सभागृहात दुमदुमला, "अहो, उठा आता! तोंड धुवा आणि गोळी घ्या!"

अध्यक्ष ताडकन उठले. "उठलो, उठलो," म्हणाले, आणि हार घातलेल्या अवस्थेतच हात-तोंड धुवायला व्यासपीठाची पायरी उतरून चालू लागले. आधी एक पोरगी हसली, मग एक रांग, मग अख्खं सभागृह असं हसलं की पाहुण्यांचं यशस्वी जीवन तिथेच थांबलं. फक्त पहिल्या रांगेत बसलेल्या अध्यक्षांच्या पत्नी हसल्या नाहीत. त्या शांतपणे उठल्या आणि म्हणाल्या, "हा आवाज कोणाचा?"

झालं होतं ते असं. गाठोड्यात फाईल होती ती मास्तरांच्या घरची, कारण मास्तरांनी नमुना म्हणून आपलीच फाईल बांधली होती. नवं गाठोडं आलं, इटीसीत गेलं, आणि चिमणीबाईंनी लिहिलेल्या सगळ्या वेळांवर मास्तरांची दुपारची झोप पसरून मोकळं झालं.

चिमणीबाई संध्याकाळी आल्या. डोंगराशेजारी उभ्याच राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "सर, माझी रेघ पुन्हा पुसली." आणि गेल्या.

"रेघ? कसली रेघ?" मास्तरांनी विचारलं. पण काकू त्या वेळी अध्यक्षांच्या पत्नीशी फोनवर बोलत होत्या. "अहो बाई, तो मी माझ्याच नवऱ्याला उठवत होते. तुमच्या नवऱ्याला मी कशाला उठवू? तुम्हीच ठेवून घ्या त्यांना."

मास्तरांनी मान खाली घालून तपासनिसाला सगळी हकीकत लिहिली. उत्तर लाल अक्षरांतच आलं, "इटीसीतल्या फाईलीत वापरणाऱ्याने बदल केला की तो त्याचा. फाईलवर 'जपा' अशी खूण करा. पुन्हा करून आणा." मास्तरांनी खूण केली. आता नवं गाठोडं आलं तरी ते शाळेची फाईल न विचारता पुसणार नव्हतं. आणि नेमकं हेच पुढचं संकट होतं, की ते विचारणार होतं.

चिमणीबाईंनी वेळा पुन्हा लिहिल्या, मास्तरांनी पुढचं सुधारलेलं गाठोडं पाठवलं, आणि एका सकाळी शाळेच्या संगणकावर प्रश्न आला, "ही फाईल तुम्ही बदलली आहे. आम्हीही बदलली आहे. तुमची ठेवू की आमची?" उत्तर मिळेपर्यंत घणघण थांबून राहिली. चिमणीबाई बैठकीला गेल्या होत्या. कार्यालयात होते हेडक्लार्क. या माणसाने उभ्या नोकरीत सहीशिवाय पंखासुद्धा लावला नव्हता.

"मास्तर, हे 'तुम्ही' म्हणजे कोण?" हेडक्लार्कनी फोनवर विचारलं.

"तुम्ही म्हणजे शाळा."

"आणि 'आम्ही'?"

"मी."

"मग 'मी' असं का लिहिलं नाही? आणि खाली सही का नाही?"

"अहो, तो संगणक आहे. तुम्ही फक्त 'तुमची ठेवा' असं दाबा!"

"मी दाबलं आणि उद्या चौकशी झाली, तर दाबलं कोणी म्हणून विचारतील. मी लेखी अभिप्रायासाठी प्रकरण वर पाठवतो."

"वर कोण आहे?"

"मुख्याध्यापिका. त्या बैठकीला गेल्यात."

"मग मी येऊन दाबतो!"

"बाहेरच्या माणसाला कार्यालयातल्या यंत्राला हात लावायला परवानगी लागते. अर्ज आणा."

"कोणाकडे द्यायचा अर्ज?"

"मुख्याध्यापिकांकडे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि कपाळ संगणकावर टेकलं. त्या दिवशी मुलांना भूक लागली म्हणून शाळा सुटली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एक मोठं खोकं येऊन पडलं. त्यात लाल दिव्याचं यंत्र होतं. अध्यक्षांनी निरोप दिला, "तपासणीच्या दिवशी तुमचं ते नवं गाठोडं माझ्या डोळ्यांसमोर येऊ दे. त्यानंतर शाळेच्या वेळांपैकी एक जरी हलली, किंवा यंत्राने कोणाला काही विचारलं, किंवा मला कोणी उठवलं, तर खोकं तिथल्या तिथे उघडायचं."

मास्तरांनी जेवण अर्ध्यावर सोडलं. फाईल घरात ठेवली तर शाळेला सापडत नाही. इटीसीत ठेवली तर नवी जुनीला खाते. जपायला सांगितली तर हेडक्लार्कशी गाठ पडते. "तिला ठेवू तरी कुठे?" ते म्हणाले. "डोक्यावर?"

"आधी ताटातलं संपवा," काकू म्हणाल्या.

बँकवाले येऊन म्हणाले, "मी आधीच सांगितलं होतं, परक्या ठिकाणी ठेवू नका."

"पहिल्यांदा घरात ठेवली, तुम्ही सांगितलंत म्हणून!"

"ठेवली, पण विश्वासाने ठेवली नाहीत," बँकवाले म्हणाले.

तेवढ्यात आतल्या खोलीतून रंगाऱ्याने हाक मारली. एकाएकी त्याच्या कामाला वेग आला होता, कारण शेवटची भिंत उरली होती. "काकू, ही फळी काढू का? की हिच्यावरूनच हात मारू?"

काकू अशा धावल्या की हातातला डाव तसाच राहिला. "हात लावू नका! थांबा!" त्यांनी दाराशेजारच्या खिळ्यावरून एक लांबट लाकडी फळी अलगद उतरवली, पदराने पुसली आणि पलंगावर आडवी ठेवली. "हं. आता रंगवा. हवा तो रंग मारा."

मास्तरही मागोमाग आले होते. फळीवर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेजवळ एक नाव. मास्तरांकडे शिकायला येणाऱ्या मुलांची उंची काकू त्या फळीवर मांडायच्या. फळी रोजची डोळ्यांसमोर असायची, म्हणून मास्तरांनी ती कधी पाहिलीच नव्हती.

"हे भिंतीवर का नाही मांडत तू?" त्यांनी विचारलं.

"आधी भिंतीवरच होतं की. एकदा घराला रंग दिला, तेव्हा रंगाऱ्याने सगळं पुसलं. त्याचा काय दोष? भिंत रंगवायला सांगितली, त्याने रंगवली. पण चिमणी दुसऱ्या दिवशी आली, भिंतीजवळ गेली, आणि माझी रेघ कुठे म्हणून जी रडली... तुम्ही तिला अपूर्णांक समजावत बसलात. तुम्हाला वाटलं, छेद जमत नाही म्हणून रडतेय. तेव्हा मी ही फळी आणली. भिंत रंगाऱ्याची, फळी आपली. त्याने दर वर्षी रंगवावी की. आपण फळी उतरवायची, परत लावायची. मोडलं काय त्यात?"

मास्तर भिंतीकडे बघत राहिले. मग फळीकडे. मग पुन्हा भिंतीकडे. आणि मग त्यांनी असा काही आनंदाने चीत्कार केला की रंगारी शिडीवरून खालच्या पायरीवर आला.

"भिंत! मी पोरीला भिंतीवर रेघ मारायला लावली! माझ्याच भिंतीवर, आणि रंगारीही मीच!" म्हणत त्यांनी रंगाऱ्याला मिठी मारली. मास्तरांचा अर्धा सदरा फिकट निळा झाला. रंगाऱ्याचं काही झालं नाही, तो आधीच निळा होता.

पुढचं काम त्यांनी गाणं म्हणत केलं. आपली फाईल त्यांनी इटीसीतून उचलली आणि यूएसआर नावाच्या खोलीत ठेवली. ही गाठोड्याच्या स्वतःच्या मालाची जागा. ती झाली भिंत. गाठोडंवाल्याने तिला हवी तेव्हा, हवी तितकी रंगवावी, तिथे दुसरं कोणी काही लिहीत नाही. इटीसीत त्यांनी काहीच ठेवलं नाही. तिथे नुसता खिळा. शाळेला जेवढं वेगळं हवं तेवढं शाळेने आपल्या फळीवर लिहायचं आणि तिथे टांगायचं. घणघणला त्यांनी शिकवलं, की बाई गं, आधी भिंत वाच, मग फळी वाच. फळीवर लिहिलं असेल तर फळीचं ऐक, नसेल तर भिंतीचं. नवं गाठोडं फक्त भिंत रंगवेल. फळीला ते हात लावणार नाही, आणि कोणाला काही विचारणारही नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. त्याच झटक्यात दुपारची झोप, तोंड धुणं आणि गोळी यांनाही भिंतीवरून खाली उतरवलं गेलं. ती मास्तरांची स्वतःची फळी झाली, आणि ती त्यांच्याच संगणकात टांगली.

भांडारातून लाल अक्षरांत उत्तर आलं, "ठीक."

"बघ! बघ!" मास्तर काकूंना दाखवू लागले. "ठीक म्हणाला!"

"एवढंच?"

"अगं, मी कधी कोणाला 'ठीक'च्या वर दिलंय का?"

चिमणीबाईंनी शाळेची फळी स्वतः लिहिली. काय लिहिलं ते मास्तरांनी विचारलं, तर म्हणाल्या, "सर, आमची फळी आहे."

तपासणीचा दिवस उजाडला. कार्यालयात तपासणी अधिकारी, अध्यक्ष, अध्यक्षांच्या पत्नी, हेडक्लार्क, चिमणीबाई आणि कोपऱ्यात मास्तर. बँकवालेही आले होते, कल्पनेचे मूळ पुरुष म्हणून. खोकं टेबलावर होतं आणि अध्यक्षांच्या हातात कात्री. मास्तरांनी भिंतीला नवा रंग दिला होता. मधल्या सुट्टीच्या घंटेचा नाद किंचित लांबवलेलं नवं गाठोडं सगळ्यांसमोर आलं, बसलं, आणि गप्प राहिलं.

"काही विचारत नाही?" हेडक्लार्क संशयाने म्हणाले.

"नाही."

"सही?"

"नाही!"

पहिल्या तासाची घंटा झाली. वेळेवर. दुसऱ्याची झाली, तिसऱ्याची झाली. पहिलीच्या वर्गात हळू, मैदानावर मोठी. गणिताच्या बाईंनी एकच धडा शिकवला आणि त्या सुटल्या. मधल्या सुट्टीच्या घंटेचा नाद किंचित लांबला आणि पोरांनी तेवढाच जास्त दंगा करून घेतला. दुपार झाली. झोपेची वेळ आली तेव्हा मास्तरांनी श्वास धरला. घंटा नाही, आवाज नाही, गोळी नाही. वेळ निघून गेली. अध्यक्ष खुर्चीत पेंगत होते, त्यांना कोणीही उठवलं नाही. कात्री त्यांच्या मांडीवर घसरली. मास्तरांनी श्वास सोडला.

मग शाळा सुटायची वेळ झाली. शेवटची घंटा घणघणली, गोड टोल्यासकट. आणि लगेच सगळ्या भोंग्यांतून तोच ओळखीचा आवाज आला, "अहो, उठा आता!"

अध्यक्ष "उठलो, उठलो" म्हणत ताडकन उभे राहिले आणि कात्री जमिनीवर पडली. मास्तर डोळे मिटून 'तोंड धुवा'ची वाट बघत राहिले.

"...शाळा सुटली!" काकूंचा आवाज पुढे म्हणाला. "दप्तर भरा, पाणी प्या, आणि सावकाश घरी जा. धावायचं नाही. ए, तुलाच सांगतेय!"

सगळ्या वर्गांतून एकदम हशा उठला आणि त्या हशातूनच पोरं बाहेर आली, कधी नव्हे ती चालत. प्रत्येकाला वाटत होतं, 'तुलाच' म्हणजे मीच.

"हे कुठून आलं?" अध्यक्ष ओरडले. "मास्तर, पुन्हा तुमचं गाठोडं!"

"नाही, साहेब," चिमणीबाई म्हणाल्या. त्यांचे ओठ हसू दाबून दाबून थरथरत होते. "ही आमच्या फळीवरची ओळ आहे. मी लिहिलेली. सकाळी नवं गाठोडं आलं ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत, आणि ही ओळ अजून जागेवर आहे. कोणी पुसली नाही. एवढंच मला बघायचं होतं."

"पण अट होती, मला कोणी उठवायचं नाही!"

"उठवलं ते बरं झालं," अध्यक्षांच्या पत्नी म्हणाल्या. "चला, घरी. ते खोकं परत पाठवा. आणि त्या बाईंना म्हणावं, आमच्याही घरासाठी एक आवाज भरून द्या."

तपासणी अधिकाऱ्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते कार्यालयातच राहिलं. पण जाताना तेसुद्धा सावकाश चालत गेले.

घरी डोंगर मोडला होता. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी गेली होती आणि रंगारी नवीन आठवड्यासाठी बँकवाल्यांकडे गेला होता. दाराशेजारी ओल्या निळ्या भिंतीवर फळी परत टांगली होती. तिच्याशी चिमणीबाई पाठ टेकून, टाचा जुळवून उभ्या होत्या आणि काकू पेन्सिलीने त्यांच्या डोक्यावर रेघ मारत होत्या.

"काकू, आता कुठली वाढतेय मी?"

"हलू नकोस."

मास्तर दारात उभे राहून, दुखावलेल्या स्वाभिमानाचं ओझं सांभाळत म्हणाले, "म्हणजे तुम्ही दोघींनी मला न विचारता आवाज भरलात. घणघण माझी, आणि पोरं तिला तुझ्या नावाने ओळखतात!"

"तुमच्या फाईलला मी बोट लावलं का?" काकू म्हणाल्या. "शाळेच्या फळीवर शाळेने लिहिलं. जागा बरोबर आहे ना? सांगा, मास्तर."

मास्तरांनी फळी पाहिली, भिंत पाहिली, रेघ पाहिली. सवयीने खिशातलं लाल पेन काढलं, मग परत ठेवलं.

"ठीक," ते म्हणाले.